तुम्ही विचारलंत म्हणून: नमुना किती घ्यायचा?

नाशिकमध्ये एमबीएच्या विद्यार्थ्यांना मी संशोधन पद्धती शिकवते आणि प्रोजेक्टचा विषय ठरला की मला हमखास विचारले जाते, "मॅडम, सॅम्पल किती घ्यायचं?" पुष्कळांनी उत्तर आधीच ऐकलेले असते: 384. मोठ्या समष्टीतील, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांच्या समूहातील, एखादे प्रमाण 95 टक्के विश्वासपातळीने (अशी पाहणी शंभरदा केली तर साधारण 95 वेळा अंदाज मर्यादेत बसेल, इतक्या खात्रीने) आणि अधिक-उणे 5 टक्क्यांच्या मर्यादेत काढायचे असेल, आणि ते प्रमाण आधी माहीत नसल्यामुळे 50 टक्के धरले असेल, तर सूत्रातून हाच आकडा येतो. मात्र निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी सर्वांना सारखी संधी देणारी, असली पाहिजे, ही या सूत्राची अट आहे. ओळखीच्या व्हॉट्सॲप गटांवर गूगल फॉर्म पाठवून जमवलेल्या 384 उत्तरांना हे गणित लागूच होत नाही.

निवड चुकली तर नमुना कितीही मोठा असला तरी उपयोग होत नाही. 1936 साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे अध्यक्षीय निवडणुकीबाबत घेतलेल्या जनमत चाचणीत 20 लाखांहून अधिक मतपत्रिका भरून आल्या होत्या, तरी त्यांनी वर्तवलेला विजेता हरला आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. कांदा उत्पादक विक्रीव्यवस्थेबाबत समाधानी आहेत का, असा विषय घेऊन विद्यार्थी मे महिन्यात लासलगावच्या बाजार समितीत जातात आणि ट्रॅक्टर घेऊन आलेल्यांना प्रश्न विचारतात. पण उन्हाळ कांदा टिकतो. ज्याच्याकडे कांदा साठवायची चाळ आहे आणि पैशांची तातडीची गरज नाही, तो शेतकरी भाव वाढण्याची वाट पाहत माल राखून ठेवतो आणि त्या दिवसांत लिलावाला फारसा येत नाही. बांधावरच व्यापाऱ्याला माल देणारा तर तिथे कधीच भेटत नाही. म्हणजे ज्यांना थांबणे परवडत नाही, त्यांचेच म्हणणे सर्व उत्पादकांच्या नावावर नोंदवले जाते, आणि उत्तरे हजारापर्यंत नेली तरी ही त्रुटी कायम राहते.

माझा आग्रह असा असतो की आधी समष्टी नेमकी ठरवा. निफाड तालुक्यातील उत्पादक घेणार असाल, तर चिठ्ठ्या टाकून काही गावे निवडा, तलाठी किंवा कृषी सहायक यांच्या मदतीने तेथील कांदा लावणाऱ्यांची यादी करा आणि त्या यादीतून माणसे निवडून त्यांच्या घरी जा. यात वेळ खूप जातो, आणि तो द्यावा असे मला मनापासून वाटते. आता आकड्याचे सांगते. एकाच गावातील शेतकऱ्यांची बाजारपेठ, व्यापारी आणि पाण्याची स्थिती बरीचशी सारखी असल्यामुळे त्यांची उत्तरेही एकमेकांशी मिळतीजुळती येतात, आणि म्हणून गावे निवडून केलेल्या पाहणीत तेवढीच अचूकता हवी असेल तर 384 सहसा कमी पडतात. अशा वेळी एकाच गावातील माणसे वाढवण्यापेक्षा गावांची संख्या वाढवावी.