रुमाल टाकलेली जागा

दुधाचा दात पडला की त्याची रवानगी कौलांवर, नाहीतर उंदराच्या बिळात. बदल्यात उंदरासारखा चिवट दात मागायचा. पटाशीच्या दातांपुरता हा व्यवहार चोख चालतो: सहा-सात वर्षांचं पोर, खालचे दोन गेले, बोळकं दिसलं, थोड्या दिवसांत हिरडीतून पांढरी कोर वर. घोळ होतो तो दाढांचा.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तेच काम दुधाची दाढ करते. खालून येणारा हक्काचा दात दहाव्या-बाराव्या वर्षी उगवतो. मागची, म्हणजे दुधाची दुसरी दाढ सातव्या वर्षीच किडून काढावी लागली आणि 'दुधाचीच तर होती' म्हणून घर निवांत राहिलं, की मागची कायमची दाढ पुढे सरकते. (ही दाढ सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, मागून गुपचूप येते. म्हणून कित्येक आईबाप तिलाही दुधाचीच समजतात.) मग खालचा दात आतच अडकतो, नाहीतर वाकडा येतो.

म्हणून दुसरा रुमाल टाकायचा: स्पेस मेंटेनर, म्हणजे रिकामी जागा राखणारं कडं आणि तार. आधी एक्स-रे, खाली दात आहे ना ते बघायला. शेजारच्या दाढेच्या फटींत काही दिवस रबराच्या बारीक कड्या, मग त्या दाढेला स्टीलचं कडं. माप घेऊन प्लास्टरच्या साच्यावर ०.९ मिलिमीटरची तार वाकवतात, कड्याला झाळतात आणि कडं सिमेंटने चिकटवतात. रिकाम्या जागेवरचा तारेचा फास रुंद हवा, कारण नवा दात त्यातूनच वर यायचा असतो. चिक्की आणि च्युइंगम हे याचे हाडवैरी. झाळ तुटली तर निदान कळतं तरी. सिमेंट विरघळलं तर कडं जागेवरच दिसतं आणि आत अन्न साचून धडधाकट दाढ किडते. कधी तार हिरडीत रुतते. दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं ते यासाठी. नव्या दाताचं टोक दिसलं की कडं काढायचं.

काहींच्या बाबतीत मात्र तो प्रवासी, म्हणजे खालचा कायमचा दात, जन्मतःच नसतो. मग पस्तिशीतही दुधाची दाढ जागा धरून बसलेली. दहा मिलिमीटर रुंद, तिच्या जागी यायचा दात सातच्या आसपास. मूळ शाबूत असेल तर तिला उपटायची घाई करू नये. हाडाला चिकटून ती शेजारणींपेक्षा खुजी राहिली असेल, तर वरून कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) चढवून उंची भरून काढता येते. काढावीच लागली तर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) किंवा इम्प्लांट (हाडातल्या स्क्रूवर बसवलेला). इम्प्लांट जबड्याची वाढ थांबल्यावरच. चौदाव्या वर्षी बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू हाडात घट्ट राहतो, आजूबाजूचे दात मात्र वाढत्या जबड्याबरोबर वर जातात आणि महागाची कॅप खड्ड्यात बसल्यासारखी दिसते.