कोंबडीचं पीस
आज केपटाऊनच्या नॅशनल गॅलरीत एस्थर महलांगू या दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले समाजाच्या चित्रकर्तीचं प्रदर्शन पाहिलं. १९९१ साली त्यांनी रंगवलेली बीएमडब्ल्यू गाडी तिथे उभी होती, अर्थात सगळी गर्दी तिच्याभोवती! मी मात्र एका कॅनव्हाससमोर खिळले. जाड, काळी, सरळसोट रेघ. अगदी जवळून पाहिलं तर कडेला किंचित थरथर. पट्टी नाही, आधी आखणी नाही, हातात फक्त कोंबडीचं पीस. महलांगू दहाव्या वर्षी हे आई-आजीकडून शिकल्या. मुलगे वयात येतानाच्या दीक्षाविधीला निघाले की न्देबेले बायका घराच्या भिंती नव्याने रंगवतात, त्यातलीच ही नक्षी. (आमच्याकडे लग्नघराला रंग काढायचा तर पेंटरला फोन जातो.) त्या रेघेपायी गार्डने मला दोनदा मागे सरकवलं.