बारावी घसरली, पहिल्या सेमिस्टरला विषय राहिला. तरी नर्सिंग होईल का?

निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी मुलगी असते, कधी तिची आई, हल्ली बरेचदा मुलगेही असतात. "गुण कमी पडलेत. आता नर्सिंग होईल का, की नाद सोडायचा?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: होतं. पण आधी नेमकं कुठे अडलंय ते बघावं लागतं. गुण कमी असणं, तास बुडालेले असणं आणि कॉलेजला मान्यता नसणं या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. गुणांची भीती सगळ्यांत जास्त वाटते, आणि सुटायला तीच सगळ्यांत सोपी. बुडालेले तास भरायला महिने जातात. मान्यता नसलेल्या कॉलेजात घालवलेली वर्षं परत मिळत नाहीत.

गुणांपासून सुरुवात करू. बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के, शिवाय इंग्रजीत पास. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. पुष्कळजण हा हिशेब एकूण टक्केवारीवर करतात आणि विनाकारण हातपाय गाळतात, किंवा विनाकारण निर्धास्त राहतात. एकूण ५५ टक्के असलेली मुलगी पीसीबीत १२८ वर अडकलेली असू शकते. पाच-दहा गुण हुकले असतील तर बोर्डाची पुरवणी परीक्षा किंवा श्रेणीसुधार हा सरळ रस्ता आहे. एक मात्र कराच: पुन्हा बारावीला बसणार असाल तरी त्या वर्षीचा नर्सिंग सीईटीचा अर्ज आणि परीक्षा चुकवू नका. प्रवेशफेऱ्या बऱ्याचदा पावसाळाभर चालतात, त्यामुळे वाढलेले गुण वेळेत हाती येऊ शकतात. सीईटीच दिलेली नसेल तर त्या गुणांचा त्या वर्षी उपयोग शून्य.

सीईटीचं स्वरूप घाबरण्यासारखं नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. फिजिक्सची गणितं शेवटी ठेवा. ज्यांची फिजिक्सवर बारावी घसरली तेच पहिली पंचवीस मिनिटं तिथे घालवतात, आणि इंग्रजी-अॅप्टिट्यूडचे ४० सोपे गुण घाईत सांडतात.

बीएस्सीचं दार खरंच बंद असेल तर जीएनएम आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, कुठल्याही शाखेची बारावी, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के, वय १७ ते ३५. लग्न झालेलं असणं आड येत नाही. जीएनएम करून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. म्हणजे पाच वर्षांत तीच पदवी. फरक एवढाच, की एम्सच्या नॉरसेटसारख्या भरतीत डिप्लोमावाल्यांकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, पदवीवाल्यांकडे मागत नाहीत. तीन गुण कमी पडले म्हणून बीएस्सीची वाट बघत दोन वर्षं घरी बसण्यापेक्षा जीएनएमला लागावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींना एएनएमही आहे, दोन वर्षांचं. गावपातळीवर आरोग्यसेविका व्हायचं असेल तर ते पूर्ण शिक्षण आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

याच टप्प्यावर एजंट भेटतो. "सीईटी नको, गुण नकोत, अटेंडन्स नको, फक्त परीक्षेला या." नापास झालेलं घर हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. नर्सिंगमध्ये हजेरीशिवाय पदवी असा प्रकारच नाही, आणि पुढे नोंदणीच्या वेळी महाराष्ट्र परिचर्या परिषद कागद तपासते. पैसे भरण्याआधी कॉलेजकडे तीन गोष्टी मागा: इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता, राज्य परिषदेची चालू वर्षाची परवानगी, आणि संलग्नतेचं पत्र. हे पत्र बीएस्सीसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं, जीएनएम-एएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाचं असतं. तिन्हींवर जागांची संख्या जुळते का बघा. परराज्यात जाणार असाल तर तिथल्या परिषदेची नोंदणी इकडे बदलून मिळेल का, हे आधी आपल्या परिषदेत विचारा. मग विचारा, क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, कुठल्या रुग्णालयात नेता? "आमचं टायअप आहे" एवढ्यावर न थांबता तिथे जाऊन वॉर्डातल्या सिस्टरना विचारा की या कॉलेजची मुलं येतात का. दहा मिनिटांत खरं कळतं.

पैशांचं थोडक्यात. २०२४-२५पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. म्हणून घाबरून पहिल्याच आठवड्यात कोट्यात पैसे भरू नका. जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर निकालाची वाट न बघता काढून ठेवा. वर्ष गेलेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

आता दुसरी ठेच, प्रवेशानंतरची. पहिल्या सेमिस्टरला विषय राहतो तो बहुधा अॅनॅटॉमी-फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराची रचना आणि शरीराचं काम. त्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं कारण म्हणजे, वर्गात हे दोन विषय, दोन शिक्षक, प्रत्येकी ६० तास. परीक्षेत मात्र एकच ७५ गुणांची पत्रिका, ३७ अॅनॅटॉमीला आणि ३८ फिजिऑलॉजीला. मुलं हाडांची नावं पाठ करत बसतात, कारण ती दिसतात, मोजता येतात. किडनीचा कप्पान् कप्पा काढता येतो, पण लघवी तयार कशी होते ते चार ओळींत लिहिता येत नाही. अभ्यास अवयवाप्रमाणे करा: आज हृदय, तर रचना आणि काम दोन्ही आजच, आणि शेवटी पेशंटशी जोडणारा एक प्रश्न. डावी बाजू दमली तर पाणी फुप्फुसात का साठतं? उजवी दमली तर पायांवर सूज का येते? रक्ताचा प्रवास समजलेल्या मुलीला हे पाठ करावं लागत नाही.

दुसरं कारण भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला विषय कळलेला असतो, उत्तर लिहिता येत नाही. इंग्रजी स्पीकिंगचा क्लास इथे फारसा कामाला येत नाही; शब्दांचे तुकडे कामाला येतात. आयटिस म्हणजे दाह, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑटॉमी म्हणजे छेद, ऑस्टॉमी म्हणजे बाहेर तोंड काढणं. ब्रॅडी मंद, टॅकी जलद. एमिया रक्तातलं, युरिया लघवीतलं. असे साठ-सत्तर तुकडे वहीत मराठी अर्थासह लिहा, रोज पाच. हिमॅच्युरिया पहिल्यांदा वाचतानाच कळेल की लघवीतून रक्त जातंय. समजून घेणं खुशाल मराठीत करा. मराठीत समजलेलं टिकतं. मात्र उत्तर पहिल्या दिवसापासून इंग्रजीत, साध्या छोट्या वाक्यांत लिहायचा सराव ठेवा.

तिसरं कारण पुढच्या सेमिस्टरांत जास्त जाचतं. मुलं आजाराबद्दल सगळं लिहितात आणि नर्सिंग मॅनेजमेंटला दोन ओळी ठेवतात, जणू डॉक्टरकीचा पेपर आहे. न्यूमोनियाच्या प्रश्नात डोकं वर करून बसवणं, श्वास आणि ऑक्सिजनचं प्रमाण किती वेळाने बघायचं, पाणी किती, थुंकीचा नमुना कधी घ्यायचा, घरच्यांना काय सांगायचं, हे लिहिलं नाही तर प्रश्नाचा अर्धा भाग कोराच राहिला.

राहिलेल्या विषयाचे नियम नीट वाचा. वसतिगृहात ऐकलेलं त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. २०२१पासूनच्या सेमिस्टर पद्धतीत पासिंग ५० टक्के, थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळं. फक्त इंग्रजी आणि ऐच्छिक विषयांना ४०. थिअरी किंवा प्रॅक्टिकल यांपैकी एकात नापास झालात तर दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. विषय राहिला तरी पुढच्या सेमिस्टरला बसता येतं, म्हणून "मी वर्षभर मागे पडले" हे सहसा खरं नसतं. खरी भिंत पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेपाशी आहे: आधीचं सगळं सुटलेलं असल्याशिवाय ती देता येत नाही. सातव्यापाशी पुन्हा तशीच भिंत. संपूर्ण कोर्सला जास्तीत जास्त आठ वर्षं. म्हणजे पहिल्याचा विषय दुसऱ्याबरोबरच सोडवायचा. तो चौथ्यापर्यंत ढकलला की फार्माकॉलॉजी, पॅथॉलॉजी आणि अॅडल्ट हेल्थच्या गर्दीत तोच पुन्हा बुडतो.

तासांचं मुलांना उशिरा कळतं. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकलचे तास प्रत्येक विभागात पूर्ण १०० टक्के. पहिल्या सेमिस्टरच्या नर्सिंग फाउंडेशनला क्लिनिकल १६० तास असतं. सहा-सहा तासांच्या सहा ड्युट्या बुडाल्या की ३६ तास गेले, आणि २० टक्क्यांची सूट ३२ तासांचीच. एक डेंग्यू, एक घरचं लग्न, झालं. आजारी पडलात तर त्याच दिवशी पाठ्यनिर्देशिकांना, म्हणजे कॉलेजच्या ट्यूटरना, कळवा, वैद्यकीय दाखला घ्या, आणि भरपाईच्या ड्युट्या त्याच सेमिस्टरच्या सुट्टीत मागून घ्या. सगळे तास शेवटच्या वर्षावर टाकले की इंटर्नशिप आणि भरपाई एकमेकांवर येतात. लॉगबुकवरची सहीही ड्युटी संपतानाच घ्या. वॉर्ड बदलला की सही देणारी व्यक्ती सापडत नाही.

आता औषधांचं गणित. हुशार मुलीही इथे अडखळतात, आणि इथली चूक गुणपत्रिकेवर राहत नाही, पेशंटच्या अंगात जाते. सूत्र एकच: हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले त्यातलं प्रमाण. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे १८० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत २५० असेल तर ३.६ मिली. पण ५ मिलीत १२० चंही सिरप मिळतं, त्यातून ७.५ मिली द्यावं लागेल. गणित बरोबर आणि बाटली चुकीची, तर डोस दुप्पट किंवा निम्मा. म्हणून आधी बाटलीवरचं वाचायचं, मग पेन उचलायचं.

सलाइनचं तसंच. ५०० मिली चार तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा: ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. नेहमीची चूक म्हणजे तासांची मिनिटं न करणं. चारने भागून २५०० उत्तर येतं आणि मुलगी ते लिहून मोकळी होते. मिनिटाला अडीच हजार थेंब पडू शकतील का, हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारा. सेटचा आकडाही पाकिटावर बघा. १५ थेंबांचा असेल तर उत्तर ३१ येतं, मायक्रो ६० चा असतो.

इन्सुलिनला तर दोनदा थांबा. आपल्याकडे कुपीत मिलीला ४० युनिटचं इन्सुलिनही येतं आणि १०० युनिटचंही, आणि सिरिंजही दोन्हींच्या वेगळ्या: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १००ची. शंभरचं औषध चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरलं तर आकडा बरोबर दिसतो आणि डोस अडीचपट जातो. रोज अशी पाच गणितं, तीन महिने, कॅल्क्युलेटरशिवाय. एवढ्यावर हा भाग कायमचा सुटतो.

प्रॅक्टिकल परीक्षेत गुण जातात ते साध्या गोष्टींत. रक्तदाब घेताना कफ, म्हणजे दंडाचा पट्टा, बाहीवरून बांधणं, हात लोंबता ठेवणं, आधी नाडी चाचपून वरच्या दाबाचा अंदाज न घेणं, हवा भसकन सोडणं; ती सेकंदाला २ ते ३ मिमी या गतीने सोडायची असते. श्वास मोजताना पेशंटला ते सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. नाडी मोजून झाली तरी मनगट तसंच धरून ठेवा आणि छातीकडे बघा. हे वसतिगृहात मैत्रिणीवर वीस वेळा करता येतं, फुकट.

आणि एक गोष्ट, जी मुली निकालापेक्षाही जास्त लपवतात. वॉर्डात वापरलेली सुई टोचते. ओरडा बसेल, घरी कळेल, कॉलेजातून काढतील, या भीतीने बोट खिशात जातं. सुईला टोपण परत लावताना हे सर्रास होतं, म्हणून टोपण लावायचंच नाही. सुई सरळ पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. तरी टोचलीच तर बोट पिळू नका, चोखू नका, स्पिरिट ओतू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच मिनिटाला वॉर्डच्या सिस्टरना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यांत चांगलं, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांना असते. प्रवेशाचा अर्ज भरलात त्या आठवड्यात पहिला डोस घेतलात तर बहुतेक वेळा पहिले दोन डोस वॉर्डात पाऊल टाकण्याआधी होऊन जातात. तिसरा मात्र विसरू नका, त्याची तारीख लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.