आमची वाटचाल : 13.7 किलोचं मूल

आम्ही मुलांना भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी सरावाचे प्रश्न लिहितो. आमच्या प्रश्नसंचातलं सगळ्यात जुनं मूल 13.7 किलोचं आहे. टॉन्सिल काढून झाले, श्वासाची ट्यूब काढली आणि लॅरिंगोस्पाझम आला, म्हणजे स्वरयंत्र आवळून बंद झालं. मास्क घट्ट धरून दाब दिला तरी छाती हलत नाही, सॅच्युरेशन कोसळतंय, आणि आयव्ही, म्हणजे शिरेतली सुई, निघालेली आहे. स्नायू ढिले करणारं स्कोलिन इंजेक्शनने स्नायूत किती द्याल? किलोला 4 मिलिग्रॅम, म्हणजे 54.8, सोबत नाडी मंदावू नये म्हणून ॲट्रोपिन. मॅडमनी हा प्रश्न लिहिला तेव्हा मी म्हणालो होतो, "मॅडम, 15 किलो घेऊ या की, हिशेब सोपा होईल." त्या म्हणाल्या, "अरे, टेबलावर कुठलं मूल मोजून 15 किलोचं येतं?" तेव्हापासून आमच्याकडे एकही मूल पूर्णांकी वजनाचं नाही. याच सवयीने पुढे आम्हाला वाचवलं.

मॅडम म्हणजे माझ्या भागीदार. मुलांना भूल द्यायला मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ऑपरेशन थिएटर सुरू होण्याआधी त्या खिशातून एक कार्ड काढायच्या आणि आम्हा शिकाऊंना एकच प्रश्न विचारायच्या. उत्तर आलं तर केस तुमची, नाही तर उभं राहून बघा. त्या कार्डांचा खोका भरला तेव्हा मीच म्हटलं, हे बाहेरच्या लोकांना मिळायला हवं. दिवसभर मुलांच्याच केसेस करणाऱ्याचं ज्ञान त्याचे हात ताजं ठेवतात. पण ज्याच्या टेबलावर महिन्याला चार मुलं येतात, त्याच्यासाठी कोण काही करत होतं? आमची कंपनी त्याच्यासाठी निघाली. दोन माणसं, एक खोका, आणि संगणकाचं काम बघणारा एक मुलगा.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे पुठ्ठ्याची एक पट्टी. बोटभर रुंद, कडा आता काळ्या पडलेल्या. प्रश्न लिहून झाला की मॅडम ती पट्टी पर्यायांवर ठेवतात आणि फक्त वरची केस वाचतात. पर्याय न बघता उत्तर सांगता आलं तर प्रश्न पुढे जातो, नाही तर परत. "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" असले प्रश्न या पट्टीखाली एका क्षणात मरतात, कारण वर काही विचारलेलंच नसतं. प्रश्न लिहिणाऱ्यांना सांगतो, चकवे, म्हणजे चुकीचे पर्याय, लिहायला उत्तराहून जास्त वेळ द्या. चकवा म्हणजे खऱ्या डॉक्टरच्या हातून खरोखर होणारी चूक असली पाहिजे. 54.8 च्या शेजारी आमच्याकडे 27.4 आहे, कारण घाईत शिरेतला 2 मिलिग्रॅमचा डोस आठवतो.

दुसरं हत्यार आकड्यांचं. एकूण गुण चांगले असलेले लोक एखादा प्रश्न बरोबर सोडवतात का, आणि कच्चे लोक चुकतात का, हे प्रत्येक प्रश्नाला तपासायचं. एकदा एका साध्या प्रश्नाचा हा निर्देशांक उणे आला. प्रश्न होता लहान मुलाच्या स्वरयंत्राचा सगळ्यात अरुंद भाग कोणता. आमचं उत्तर क्रिकॉइड, म्हणजे स्वरयंत्राच्या तळाची कूर्चेची कडी. हुशार लोक चुकत होते, कच्चे बरोबर येत होते. मॅडम म्हणाल्या, "प्रश्न आजारी आहे, लोक नाहीत." खोदलं तेव्हा कळलं की मुलाचं स्वरयंत्र खाली निमुळतं होत जातं, ही नरसाळ्याची कल्पना 1951 च्या एकेनहॉफ यांच्या लेखातून रुजली, आणि तिचा आधार होता 1897 सालचे मृतदेहांवरून घेतलेले साचे. 2003 साली लिटमन आणि सहकाऱ्यांनी औषधाने गुंगीत ठेवलेल्या मुलांचे एमआरआय पाहिले, तर अरुंद भाग निघाला ग्लॉटिस (स्वरपट्ट्यांमधली फट) आणि त्याच्या लगेच खालची जागा. क्रिकॉइड न ताणणारी रिंग आहे, म्हणून ट्यूब तिथे अडू शकते, हे खरंच आहे. पण विचारलं होतं वेगळं, आणि आमची उत्तरसूची जुनी होती. तो प्रश्न आम्ही त्याच रात्री मागे घेतला. त्या रात्रीचा मला आजही अभिमान आहे.

मधली वर्षं बरी गेली. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या बोर्डाने दहा वर्षांतून एकदाची मोठी परीक्षा सोडून तिमाहीला 30 प्रश्न, प्रत्येकाला एक मिनिट, अशी पद्धत आणली. थोडं थोडं पण सतत, हे आम्ही आधीपासून सांगत होतो ते सगळ्यांनाच पटू लागलं. आणि बाजारात पैसा दिसल्यावर मोठे लोक आले.

त्यातल्या एकाचं नाव मी घेणार नाही. त्यांचा संच आमच्यापेक्षा चौपट मोठा आणि निम्म्या किमतीचा निघाला. ज्या मोठ्या संस्थेने सगळ्या विभागासाठी आमची वर्गणी घेतली होती, ती तिकडे गेली. आमचं जवळजवळ निम्मं उत्पन्न त्या एका सहीवर होतं. तीन महिने संगणकाच्या मुलाला पगार देता आला नाही, चौथ्या महिन्यात तो गेला. जाताना रडला. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही.

मग एका संध्याकाळी मॅडमनी त्यांचा मोफत नमुना उघडला. टॉन्सिल, लॅरिंगोस्पाझम, निघालेली आयव्ही. वाक्यन् वाक्य आमचं. मूल मात्र 14 किलोचं केलेलं, आणि उत्तर तसंच ठेवलेलं: 54.8. चौदा चोक छप्पन्न, एवढंही कुणी करून बघितलं नव्हतं. असे चाळीसेक प्रश्न सापडले. अरुंद भागाचा तो मागे घेतलेला प्रश्नही होता, आमच्या जुन्या चुकीसकट. वकिलांनी सांगितलं, डोसवर कुणाचा हक्क नसतो, शब्दांवर असतो, आणि शब्द आधी तुमचे होते हे दाखवायला तारखा लागतील. मॅडमच्या कार्डांवर तारखा होत्या. नोटीस गेली, ते प्रश्न गुपचूप उतरवले गेले. माफी नाही, भरपाई नाही, गेलेली संस्था परत आली नाही. आजही कुणी त्यांची तारीफ केली की माझ्या पोटात गोळा येतो.

उरलेल्या पैशात खटला लढायचा की आपला संच धुऊन काढायचा, एवढाच पर्याय होता. मॅडमनी निर्णय पाच मिनिटांत घेतला. सुमारे 1800 प्रश्न आम्ही दोघांनी पुन्हा पट्टीखाली घातले. त्या 13.7 किलोच्या मुलावरच मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा, म्हणजे भुलेच्या औषधाने शरीर अचानक जीवघेणं तापण्याचा, एक प्रश्न होता: त्यावरचं औषध डँट्रोलीन किलोला 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 34 च्या वर, म्हणजे 20 मिलिग्रॅमच्या दोन व्हायल (औषधाच्या कुप्या), प्रत्येकीत 60 मिली स्टराइल वॉटर, एकूण 120 मिली ढवळत बसायचं. 2014 नंतर 250 मिलिग्रॅमची नवी व्हायल आली, ती 5 मिलीत विरघळते. त्याच मुलाला तोच डोस आता जेमतेम 0.7 मिली. डोस बदलला नाही, उत्तर बदललं. म्हणून प्रश्नात तुमच्या कपाटात कोणती व्हायल आहे ते लिहिणं भाग पडलं. सलाइनचंही तेच झालं. हॉलिडे आणि सेगर यांच्या 1957 च्या हिशेबातून आलेला 4-2-1 चा वेग (वजनाच्या टप्प्यांनुसार तासाला किलोमागे 4, 2, 1 मिली) अजून शिकवतात, पण त्यासोबतचं कमी सोडियमचं सलाइन गेलं. आजारी मुलाचं शरीर पाणी धरून ठेवतं, सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. 2018 साली अमेरिकन बालरोग अकादमीने रोजची गरज भागवणाऱ्या सलाइनसाठी आयसोटॉनिक, म्हणजे रक्ताइतकंच सोडियम असलेला, द्रवच सांगितला. टॉन्सिलनंतर दुखण्यावर द्यायचं कोडीन तर 2013 लाच बाद झालं होतं. दर चौथ्या-पाचव्या प्रश्नात काही ना काही बदलावं लागलं.

त्या काळात एक गिऱ्हाईक होतं, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. लहान रुग्णालयातले भूलतज्ज्ञ, बहुतेक काम मोठ्या माणसांचं. रोज पहिल्या केसआधी पाच प्रश्न, कधी चुकवलं नाही. तपासून होईपर्यंत संच बंद ठेवतोय असं कळवलं, तर त्यांनी पुढच्या तीन वर्षांची वर्गणी भरून टाकली आणि लिहिलं, "सर, घाई करू नका. चुकीचं उत्तर पाठ होण्यापेक्षा मी थांबतो." त्यांच्यामागून अजून पंधरा-वीस जणांनी तसंच केलं. त्यावर आम्ही तगलो.

तुम्ही कुणाचाही संच वापरा, पण असा वापरा. उत्तर उघडण्याआधी मनाशी ठरवा की आपल्याला किती खात्री आहे. खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर वहीत लिहा, टेबलावर तेच घात करतं. चुकलेला प्रश्न लगेच नाही, आठवड्याने पुन्हा सोडवा. रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 चा प्रयोग हेच सांगतो: पाच मिनिटांनी पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने स्वतःची परीक्षा घेणारे. आणि ज्या स्पष्टीकरणात बाकीचे पर्याय का चुकीचे ते लिहिलेलं नाही, किंवा प्रश्न शेवटचा कधी तपासला ती तारीख नाही, तो संच फुकट मिळाला तरी घेऊ नका.

त्या डॉक्टरांचं मागच्या आठवड्यात पत्र आलं. ऑपरेशनआधी मुलाला पाणी किती वेळ आधीपर्यंत, या प्रश्नात आम्ही "नियमानुसार" असा शब्द ठेवला होता. त्यांनी विचारलं, कुठल्या? युरोपच्या 2022 च्या मार्गदर्शनात स्वच्छ पेयांसाठी एक तास आहे, अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 साली दोन तासच ठेवले. बरोबर होतं त्यांचं. मॅडमनी पट्टी ठेवली, वरचं वाचलं, आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. काल ते नव्याने लिहिलं. मूल पुन्हा 13.7 किलोचंच घेतलं. त्या मुलाच्या पहिल्या कार्डामागे तपासणीच्या तारखा लिहायला जागा उरलेली नाही, म्हणून मॅडमनी मागे दुसरं कोरं कार्ड टाचलंय.