मुंबई विद्यापीठाची कला शाखा: आधी परीक्षा, मग वर्ग

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857ची, म्हणून कला शाखेत तेव्हापासून शिकवलं जात होतं असं अनेकजण लिहितात. इथेच गल्लत होते. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढंच विद्यापीठाचं काम. शिकवणं एल्फिन्स्टनसारख्या संलग्न महाविद्यालयांकडे. त्यामुळे सुरुवातीच्या काळातले प्राध्यापक शोधायचे तर महाविद्यालयांची दफ्तरं चाळावीत. विद्यापीठाच्या कॅलेंडरांत, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तिकांत, नियम आणि निकाल सापडतात.

1862मध्ये पहिले बी.ए. झाले. त्यांत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. पुढे मराठीला वरच्या परीक्षांतून वगळलं गेलं आणि ती परत आणण्यासाठी रानड्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. या शाखेच्या इतिहासातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रकरण हेच, कारण मराठीत उच्च शिक्षणाची पुस्तकं लिहिण्याची गरजच त्या निर्णयाने मारली.

1904च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची वाट मोकळी झाली. 1919मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे विद्यापीठाचा नवा समाजशास्त्र विभाग आला, 1924मध्ये समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी तो हाती घेतला.