दिवे लख्ख, गाडी गप्प

सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी आठला होतं. सव्वासातला धायरीतल्या आमच्या पार्किंगमध्ये मी चावी फिरवली, तर बॉनेटखालून नुसतं टकटकटकटक. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. डोळ्यांत थेंब घालून ते मागे बसलेले. शेवटी रिक्षा केली. ऑपरेशन छान झालं, पण तो आवाज दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. कारण चारच महिन्यांपूर्वी याच तक्रारीवर एका गॅरेजवाल्याने आम्हाला नवी बॅटरी घ्यायला लावली होती, व्होल्ट मोजायचा मीटर न लावता. आता फोनवर म्हणाला, "ताई, सेल्फ गेलाय. नवा टाकून देतो." सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर.

मी अकरा वर्षं भोसरीत वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाड्यांच्या तारांच्या जुड्या बनवणाऱ्या कारखान्यात होते. तारेच्या टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टला लावायचं धातूचं टोक, दाबून बसवतात. तो दाबलेला सांधा, म्हणजे क्रिंप, तपासणं हे माझं काम. बाहेरून चकचकीत दिसणारा सांधा आतून कसा फसवतो, हे मी रोज बघितलंय. त्यामुळे मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही, असं ठरवलं.

दुपारी लेकीला घेऊन खाली गेले. आधी हातातल्या पाटल्या काढून तिच्याकडे दिल्या. बॅटरीचं प्लस आणि गाडीची बॉडी यांच्यात पाटली अडकली तर ती क्षणात तापून लाल होते, हात भाजून निघतो. बायकांनी तर हे विसरूच नये.

बॅटरीवर मीटर लावला. १२.५ व्होल्ट, म्हणजे जवळपास भरलेली. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावले आणि म्हटलं, "मार सेल्फ." टकटकटक. समोरच्या भिंतीवरचा उजेड जरासाही मंदावला नाही. बॅटरी उतरलेली असती किंवा तिचं टर्मिनल सैल असतं, तर दिवे पार मिणमिणले असते. इथेच बहुतेक जण म्हणतात, दिवे लागतायत म्हणजे करंट येतोय, मग सेल्फच गेला.

पण दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे सहज ओढतो. सांध्यात ०.०२ ओहम एवढाच रोध आला, तर १० अँपिअरला ०.२ व्होल्ट जातात, दिव्याला पत्ताही लागत नाही. १५० अँपिअरला मात्र ३ व्होल्ट तिथेच जिरतात. आणि हा रोध साध्या मीटरने ओहमवर मोजायला गेलात तर कळतच नाही, मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून सेल्फ मारत असतानाच मोजायचं, आणि ओहम नाही, व्होल्ट मोजायचे.

आमच्या गाडीत बॅटरीच्या मायनसपासून दोन केबल निघतात. आखूड बॉडीला जाते, लांब गिअरबॉक्सला. हेडलाइट बॉडीवर अर्थ आहेत, सेल्फ गिअरबॉक्सवर; म्हणजे दिव्यांचा करंट बॉडीतून मायनसला परत येतो आणि सेल्फचा गिअरबॉक्समधून, त्या लांब केबलने. मीटरची एक पिन मायनसच्या खांबावर, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर दाबून धरली.

"आई, मारू?"

"मार."

आकडा नाचत होता, पण पाच-सहा व्होल्टच्या आसपास घुटमळत होता. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको! आमची बॅटरीही धड होती आणि सेल्फही. परतीचा रस्ता तुटला होता.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडी हुकाला लावलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लेक आतून ओरडलीच.

गाडी बंद करून मायनस आधी सोडला आणि ती लांब केबल काढली. पान्याने थिंबल सुटलं तेव्हा बाहेरून फक्त थोडं काळवंडलेलं होतं. केबलवरची रबराची नळी ब्लेडने चिरली, तर आतली तांब्याची तार बोटभर हिरवी, चुरा होऊन हातात आली. किती पावसाळ्यांचं पाणी त्या नळीत झिरपलं असेल! नवी बॅटरी बसवताना केबल हलली, सांधा तात्पुरता टेकला आणि गाडी चालू झाली. आम्हाला वाटलं, बॅटरीच गेली होती. चांगली बॅटरी आम्ही मोडीत दिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

नाना पेठेतून त्याच जाडीची केबल आणली, गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला. परत मोजलं: सेल्फ फिरताना ०.१ व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२, म्हणजे अल्टरनेटरही ठीक.

जुनी केबल मी त्या गॅरेजवाल्याला नेऊन दाखवली. तो मुलगा वाईट नाही, त्याला कोणी हे शिकवलेलंच नाही. त्याने चिरलेली नळी बराच वेळ हातात उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ताई, मीटर कुठून घेतलात?" तापकीर गल्लीतून, म्हटलं. मग त्याच्याच दारात उभ्या असलेल्या गाडीवर, पिना कुठे धरायच्या ते त्याला दाखवलं.