बुडणाऱ्या शाळेचं नाव आराखड्यातून काढताना

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा घरोघरी गणपती बसलेले होते. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, वरून तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाची सगळी 33 दारं उघडावी लागली आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत काठची गावं पाण्यात गेली. आमच्या गावात सगळ्यात आधी बुडाली ती जिल्हा परिषदेची शाळा. ती नदीकडच्या उतारावरच आहे.

तरी दरवर्षी ग्रामपंचायतीच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात ‘तात्पुरता निवारा’ या रकान्यात त्याच शाळेचं नाव जात होतं. मी सदस्य म्हणून निवडून आले, तो कागद पहिल्यांदा हातात घेतला आणि संतापच आला. ज्या इमारतीत कमरेएवढं पाणी शिरलं, तिथं लेकरंबाळं घेऊन जा असं आपणच लिहून देतो?

गावातलं काम पटकन झालं. पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई सोबत आले, पाणी कुठवर चढलं होतं ते घरोघरी विचारून विजेच्या खांबांवर रंगानं पट्टे मारले. उंचावर एकच मोठी इमारत निघाली, एका खासगी शिक्षण संस्थेचं हायस्कूल. ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला.

अडलं ते तालुक्याच्या एका टेबलावर. “काऊन बाई, मागच्या वर्षीचाच लावा न. तारीख तेवढी बदलवा.” मी म्हटलं, तिथं पाणी येतं. तर म्हणे, निवाऱ्याला सरकारी इमारत पाहिजे, खासगी संस्थेची चालत नाही. मग म्हणे, चालते, पण संस्थेचं संमतीपत्र आणा.

संस्थेचे सचिव शहरात राहतात. त्यांची धास्ती खोटी नव्हती. लोक वर्गात चुली पेटवतील, बाकं मोडतील, पाणी ओसरलं तरी हलणार नाहीत, आणि भरपाई कोणाकडे मागायची? म्हणून संमतीपत्रातच लिहून घेतलं: स्वयंपाक पटांगणात शेडखाली, कार्यालय व प्रयोगशाळा बंद, साफसफाई आणि मोडतोडीची दुरुस्ती ग्रामपंचायतीकडे. असं नेमकं लिहिल्यावर त्यांनी सही केली. नुसतं “सहकार्य करावं जी” म्हणत राहिले असते तर ती सही आजही झाली नसती.

पत्र घेऊन गेले तर झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रत पाहिजे. मूळ प्रत नेली तर साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तेव्हा टेबलावरून उत्तर आलं की मान्सूनपूर्व बैठक होऊन गेली, आता पुढच्या वर्षी पाहू. मृग तोंडावर आलेला, नदीकाठी माणसं राहतात, आणि हे पुढच्या वर्षी पाहणार! तो राग अजून गेलेला नाही.

मग मी 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा काढून वाचला. कलम 32 मध्ये स्पष्ट आहे की स्थानिक प्राधिकरणानं, म्हणजे ग्रामपंचायतीनंही, आपला आराखडा करायचा आणि नियमित आढावा घेऊन तो अद्ययावत ठेवायचा. बैठक झाली म्हणून बदल करता येत नाही, असं त्यात कुठंच नाही. कलम 30 मध्ये मदत केंद्रासाठी इमारती हेरणं, तिथं पाणी आणि स्वच्छतेची सोय करणं ही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची कामं सांगितली आहेत. या दोन कलमांचा उल्लेख करून सरपंचांच्या सहीनं अर्ज दिला. सोबत ठराव, संमतीपत्र आणि खांबांवरच्या पट्ट्यांचे फोटो जोडले, एक प्रत जिल्हा नियंत्रण कक्षाला पाठवली. अर्ज दिला की आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आधीच्या तोंडी बोलण्याचा काही पुरावा राहत नाही, पोच असली की उत्तर द्यावंच लागतं.

त्यानंतर एक अधिकारी तलाठ्यासोबत गावात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी स्वतः पाहिली, हायस्कूलवर गेले आणि तिथंच रकान्यात नाव बदललं. मला फार अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

जनावरांचं मात्र आधीच ठरवा. 2020 मध्ये कित्येक घरं गाई-बैल सोडून निघायला तयार नव्हती, म्हणून यंदा हायस्कूलमागच्या पडीत जागा आणि चाऱ्यासाठी तणसाची गंजी राखून ठेवली. मासेमारी करणाऱ्या धिवर बांधवांचे डोंगे किती, चालवणारे कोण, तेही नाव-नंबरासह लिहा. अंथरुणावरचे म्हातारे, दिवस भरत आलेल्या बाया, इन्सुलिनवरचे पेशंट यांची यादी आशाताईंकडे असते, पण प्रत्येकाला आणायला कोण जाणार त्याचं नाव समोर नसेल तर ती यादी कामाची नाही.

बायांसाठी संडास आणि हातपंप यांचा खर्च कुठून, असं ग्रामसभेत विचारलं गेलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतली 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. त्यातून हायस्कूलच्या कुंपणाबाहेर, ग्रामपंचायतीच्या जागेत ही कामं विकास आराखड्यात घेतली. संस्थेच्या आवारात घेतली असती तर पुन्हा हरकत निघाली असती.

आणि किल्ली. हायस्कूलचा शिपाई दुसऱ्या गावचा आहे, रात्री पाणी चढलं तर तो येणार कसा? एक किल्ली पोलीस पाटलांकडे, दुसरी बचत गटाच्या अध्यक्षांकडे दिली. दोघांचे मोबाइल नंबर आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 ग्रामपंचायतीच्या फलकावर रंगवून घेतले.